मागल्याचा दिवा

१

तळावर दोन प्रकारचा उजेड लागतो. एक आपल्याला दिसावे म्हणून आणि दुसरा आपण दिसावे म्हणून. पहिला चुलीपाशी, निजायच्या जागेपाशी, जनावरांच्या दावणीपाशी असतो. तो कमी पडला तर ठेच लागण्यापलीकडे फारसे बिघडत नाही. दुसऱ्याची जागा मात्र विचार करून ठरवावी लागते, कारण तो लांबून कोण पाहील हे आपल्या हाती नसते.

वारंगा फाट्यावरच्या दुकानात मी हा भेद समजावून सांगत होते, आणि दुकानदार शिवशंकर गल्ल्यावर कोपर टेकून आदराने ऐकत होता.

"मॅडम, गिऱ्हाईक येवढा इचार करत न्हाई," तो शेवटी म्हणाला. "चमकतंय का, येवढंच बघतंय."

"आमचं गिऱ्हाईक हुरडा खायला येणार हाय," प्रेमदास म्हणाला. "चमकलं की पाखरं येतेत. ताटात पाखरू पडलं की फोटो काढून टाकतेत मोबाईलवर."

प्रेमदास राठोड माझा एके काळचा विद्यार्थी. कळमनुरी तालुक्यात धरणाच्या फुगवट्याला लागून त्याचे रान आहे. पावसाळ्यात फुगवट्याचे पाणी बांधापर्यंत चढते आणि हिवाळ्यात मागे सरून गाळाची काळी जमीन उघडी टाकते. त्या काठावर तंबू ठोकून हुरड्याच्या हंगामात पाहुणे बोलवायचे, ही कल्पना त्याच्या मुलीची, पुजाची. तंबूंचे कापड तिनेच निवडले होते, निळा तंबू स्वतःसाठी. गेल्या श्रावणात पाणी चढत असताना बुडू पाहणारी पाणीउपशाची मोटार वर ओढायला ती भर दुपारी काठाला गेली आणि परत आली नाही. होड्या फिरल्या, गळ टाकले गेले. काही सापडले नाही. तांड्यातल्या वडीलधाऱ्यांनी क्रियाकर्म उरकून घ्या म्हटले, तेव्हा पुजाची आई, नानीबाई, एवढेच बोलली की लेकरू मेलेले तिने पाहिलेले नाही.

पौषात प्रेमदासने तंबू उभारायला घेतले. पुजाचे राहिलेले काम म्हणून. दिवे निवडायला मला बोलावले तेही त्याच नात्याने, कारण पुजाला आपला तळ जुन्या लदेणीच्या तळासारखा दिसायला हवा होता आणि त्या तळांवर लिहिलेले माझे लेख तिने वाचले होते.

तंबूंसाठी आम्ही जुन्या कंदिलाच्या घाटाचे, बटणाचे, चार्जिंगचे दिवे घेतले; उजेड पिवळसर, डोळ्यांना सोसवेल असा. कडेला रोवण्यासाठी शिवशंकरने सोलरच्या खुंट्या दाखवल्या. हातभर उंचीची नळी, खाली जमिनीत खुपसायचे टोक, वर काचेची टोपी आणि तिच्यावर तळहाताएवढी काळी पट्टी.

"ह्याला बटनच न्हाई," तो म्हणाला. "उजेड हाय तवर झोपतंय. अंधार पडला की आपोआप जागं." आणि त्याने काळ्या पट्टीवर हात ठेवला. भर दुपारी, रस्त्याच्या उन्हात, दिवा लागला. हात उचलला, विझला.

तोवर गप्प उभी असलेली नानीबाई पुढे झाली. तिने पट्टीवर हात ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला.

"काकू, घरी नेऊन खेळा की," शिवशंकर म्हणाला. "हितं माझा माल दमून राहिला."

प्रेमदास हसला. नानीबाईही किंचित हसली, पण हात तिने लगेच काढला नाही.

२

लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख तुडवणारा तांडा. त्या काळाच्या आठवणी प्रेमदासचे वडील रतनसिंग यांना त्यांच्या आजोबांकडून मिळाल्या होत्या. मी त्या ध्वनिमुद्रित केल्या तेव्हा टेपरेकॉर्डर धरून बसलेला मुलगा प्रेमदासच होता. रतनसिंग आता हयात नाहीत. त्यांनी सांगितलेली एक रीत मला दुसऱ्या कोणत्याही तांड्यात आढळली नाही. म्हणून मी ती त्यांच्या घराण्यापुरतीच मानते.

तळ पडला की ज्या बाजूने तांडा आला त्या बाजूला, तळाबाहेर, एकच दिवा ठेवायचा. हा मागल्याचा दिवा: वाटेत मागे राहून गेलेल्यासाठी. जवळ भाकर, पाण्याचा तांब्या. उशिरा पोचणाऱ्याने तिथेच बसायचे, खायचे, पडून राहायचे. आत यायचे नाही. उजाडल्यावर घरचे माणूस जाऊन त्याचे तोंड पाहील आणि मग हात धरून आत आणील. पोटचा मुलगा असला तरी हेच.

असे का, म्हणून मी विचारले होते. रतनसिंग बिडी विझवत म्हणाले, "दिवा समद्याला दिसतो, बाई. ज्याच्यासाठी ठिवला त्यालाच दिसंल असं थोडंच हाय?"

अभ्यासक म्हणून मी याचा अर्थ असा लावला होता की हा दिवा बोलावतो तसा थांबवतोही. अपरिचिताला तळाच्या कडेवर रोखून धरण्याची ती एक सुज्ञ, सावध व्यवस्था होती. चोरांच्या काळात गरजेची. पुजाने तो लेख वाचल्यावर मला फोन केला होता. "मॅडम, याडीनं, माझ्या आईनं, मला असं रातभर बाहेर बसवलं असतं तर म्या दगड मारले असते," असे म्हणून ती खूप हसली होती, आणि मग तिने विचारले होते की आपल्या तळावरही असा एक दिवा ठेवायचा का. पाहुण्यांना गोष्ट सांगता येईल.

३

दिवे रोवायला आम्ही दुपारीच सुरुवात केली. ज्वारी हुरड्यावर आली होती आणि रानात पाखरे हाकलणाऱ्यांच्या आरोळ्या चालल्या होत्या. तंबूंच्या भोवती खुंट्यांचे कडे झाले. एक खुंटी शिल्लक ठेवली होती.

"मागल्याचा दिवा कुठं?" प्रेमदासने मला विचारले. "आमी तर कुठूनच आलो न्हाई. हितलेच."

उत्तर नानीबाईने दिले. धरण होण्यापूर्वीची गाडीवाट त्यांच्या बांधावरून उतरत सरळ पाण्यात जाते. चाकोऱ्या पाण्याखाली जाईपर्यंत स्पष्ट दिसतात. त्या वाटेच्या शेवटच्या कोरड्या टोकाशी ती जाऊन उभी राहिली. "हितं," ती म्हणाली. "आपलं मागं राहिलेलं तिकडंच हाय."

प्रेमदासने माझ्याकडे पाहिले. त्याने खुंटी तिथे रोवली.

आम्ही तंबूसमोर चहा घेत बसलो. ऊन लख्ख होते. पाण्यावर नजर ठरत नव्हती. प्रेमदास जवळा बाजारच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या कुटुंबाने रविवार पक्का केल्याचे सांगत होता. बोलता बोलता तो थांबला.

पाण्याकाठची खुंटी लागली होती.

इतक्या उन्हात तो दिवा म्हणजे एक पिवळा ठिपका होता; लक्ष गेले नसते तर दिसलाही नसता. प्रेमदास उठला. "भंगार निघालं एक," तो म्हणाला, "शिवशंकरच्या तोंडावर मारतो." तो तिथे पोचण्याआधीच दिवा विझला. परत येऊन तो बसला, आणि दिवा पुन्हा लागला.

बिघाडाची परीक्षा करण्याची एक साधी रीत आहे, ती मी केली. काठावरची खुंटी उपटून तंबूपाशी रोवली आणि तंबूपाशी असलेली काठावर नेली. सदोष वस्तू आपला दोष बरोबर घेऊन जाते. तंबूपाशी आणलेली खुंटी निमूट विझलेली राहिली. थोड्या वेळाने काठावरची, आतापर्यंत निर्दोष असलेली, लागली.

मी तिच्यापर्यंत चालत गेले. काळ्या पट्टीवर धूळ नव्हती, पाखराची विष्ठा नव्हती, झाडाची सावली नव्हती. जवळपास झाडच नव्हते. मी पट्टीकडे नीट पाहिले. दिवा चालू होता आणि पट्टीवर ऊन पडलेले मला दिसत होते. पाण्याच्या पृष्ठावरून परतणारे किरण अशा यंत्राला गोंधळात पाडत असतील, असे मी प्रेमदासला मोठ्याने सांगितले. त्याने मान हलवली. मला स्वतःला हे स्पष्टीकरण पटले नव्हते. जास्तीच्या उजेडाने दिवा लागत नाही, उजेड अडल्याने लागतो.

४

निघण्यापूर्वी नानीबाईने मला ज्वारीच्या कडेला गाठले. तिच्या ओढणीच्या काठाला आरसे होते, पण त्यांतले बरेच निखळलेले आणि पुन्हा न लावलेले.

"बाई, एक इचारू? मागल्याच्या दिव्यापाशी जो येऊन बसला त्याला सकाळी आत घ्यायचं. व्हय ना?"

"हो."

"रातचं तोंड दिसत न्हाई म्हणून सकाळी."

"हो. ओळख पटावी म्हणून."

"मंग दिसाढवळ्या आला तर?"

या प्रश्नाला रतनसिंग यांच्या ध्वनिमुद्रणात उत्तर नाही. रीत अंधार गृहीत धरते. मी थोडा विचार करून तेच सांगितले, आणि पुढे जोडले की वेळ कोणतीही असो, रीतीचे मूळ तोंड पाहण्यात आहे. आधी चेहरा, मग प्रवेश.

नानीबाईने काठाकडे पाहिले. "आईला चेहरा लागतो व्हय?" ती म्हणाली.

मी तिचा हात धरला. शोक करणारे माणूस जगातल्या प्रत्येक हालचालीत आपले गेलेले माणूस शोधते. हे मला पुस्तकांतून ठाऊक होते, आणि माझ्या पतीच्या निधनानंतर अनुभवानेही. मी तिला म्हटले की काही दिवस हिंगोलीला माझ्याकडे येऊन राहा. ती म्हणाली, हुरडा उरकू द्या.

५

त्यानंतर काही दिवसांनी प्रेमदासचा फोन आला. आवाज सरळ होता, पण वाक्ये अर्धी.

"मॅडम, येऊन जा एकदा. तंबूपाशी. तुमीच बघा."

मी पोचले तेव्हा ऊन उतरू लागले होते. नानीबाई तंबूत झाडझूड करत होती. आत खराट्याचा आवाज चालला होता. प्रेमदास मला बांधावर घेऊन गेला, तिला ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर.

"काठाचा दिवा म्या काढला," तो म्हणाला.

"का?"

"हिनं तिथंच बसायचं धरलं व्हतं. सकाळपासून जेवणापर्यंत. दिवा लागला की हिचं तोंड असं व्हायचं..." त्याने शब्द शोधला आणि सोडून दिला. "पानी हाय तिथं, मॅडम. एक गेली. म्हणलं, दिवाच न्हाई तर बसंल कशाला. उपटला आन् पत्र्याच्या खोलीत टाकला."

"मग?"

"दुसऱ्या दिशी दुपारी कड्यातला लागला. पान्याकडच्या अंगाचा, जो पान्याला जवळ हाय तो. म्या तोबी काढला. मंग त्याच्या आतला लागला. आता समदे काढलेत, गोणीत घातलेत."

"नानीबाई काही म्हणाली?"

"तेच तर. पहिला काढला तवा वाटलं आता भांडंल. न्हाई भांडली. म्हणली, काढा की. दुसऱ्याला तर तिनंच हात लावला उपटायला." तो ओशाळल्यासारखा हसला. "म्हणलं, चला, सुधारून राहिली."

रान शांत होते. पाखरे हाकलणारे घरी गेले असावेत. मी तंबू आणि पाणी यांच्यामधल्या मोकळ्या जमिनीकडे पाहात राहिले. खुंट्या उपटल्याची ताजी भोके गाळात दिसत होती, एकापुढे एक, काठापासून वर येणारी.

हा क्षण मी नंतर अनेकदा तपासला आहे. माझ्याजवळ यंत्रदोषाचा तर्क होता आणि तो मोडलेला होता. शोकाचा तर्क होता. तो नानीबाईला लागू पडत होता, खुंट्यांना नाही. उरली होती ती रतनसिंग यांची रीत, आणि ती मी आयुष्यभर केवळ एक समजूत म्हणून हाताळली होती.

"प्रेमदास," मी म्हटले, "तो दिवा थांबवणारा होता. तू तो काढलास. ज्याला तिथे थांबायचे होते त्याला पुढचा दिवा दिसला. तू पुढचाही काढलास. तू दिवे काढत गेलास तशी ती आत येत गेली."

मी 'ती' म्हटले हे दोघांच्याही एकदमच लक्षात आले.

"आता एकही दिवा बाहेर नाही ना?" मी विचारले.

"न्हाई. समदे गोणीत." मग त्याचा चेहरा बदलला. "एक हिनं मागून घेतला. म्हणली, पुजाच्या तंबूत राहू द्या, शोभा म्हणून."

खराट्याचा आवाज थांबलेला होता. केव्हा थांबला ते आम्हा दोघांनाही सांगता आले नसते.

६

सूर्य मावळायला थोडाच अवकाश होता, आणि त्या अवकाशाचे महत्त्व मला तेव्हा स्पष्ट कळले. उजेड आहे तोवर लागलेला दिवा काही सांगतो. अंधार पडला की प्रत्येक खुंटी आपोआप लागणार. मग कोणता दिवा अंधाराने लागला आणि कोणता नाही, हे ओळखण्याचा मार्ग उरणार नव्हता.

"पहिला दिवा परत काठावर लाव," मी सांगितले. "जिथे होता तिथेच."

पत्र्याच्या खोलीचे दार प्रेमदासने ढकलले. कोपऱ्यातली गोणी आतून उजळलेली होती. तागाच्या प्रत्येक विणीतून पिवळा उजेड झिरपत होता. गोणीत अंधार म्हणून दिवे लागलेले. यात काही नवल नव्हते, आणि तरीही दोघांनीही आत पाऊल टाकायला वेळ घेतला. त्याने हात घालून एक खुंटी ओढली. ती बाहेरच्या उजेडात येताच विझली.

तो धावत वाट उतरला. मी मागून गेले. गाडीवाटेच्या टोकाशी त्याने खुंटी रोवली, पायाने माती दाबली, आणि आम्ही उभे राहिलो. पाणी सपाट होते. चाकोऱ्या त्याच्या खाली जात दिसेनाशा होत होत्या.

दिवा लागला नाही. त्याच्यापाशी कोणी नव्हते.

"मॅडम," प्रेमदास म्हणाला. तो माझ्या खांद्यावरून वर, तंबूंकडे पाहात होता. पुजाच्या तंबूचे निळे कापड आतून पिवळे झाले होते.

तंबूत अंधारच असतो, असे मी स्वतःशी म्हणाले. चढण चढताना मी हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. परंतु तंबूचे दार पश्चिमेकडे होते, त्याचा पडदा वर बांधलेला होता, आणि मावळतीचे ऊन थेट आत, चटईपर्यंत पसरलेले होते. खुंटी मातीने भरलेल्या डब्यात दाराशीच उभी होती. तिच्यावर ऊन होते. ती लागलेली होती.

७

नानीबाई चटईवर मांडी घालून, दाराकडे तोंड करून बसली होती. तिचे दोन्ही हात छातीच्या उंचीवर, पुढे होते आणि चालत होते. मी पाहिलेले एवढेच आहे आणि ते मी जसेच्या तसे सांगते. तिच्या हातांत काही नव्हते. ओले कापड पिळावे तशी ती दोन्ही मुठींनी हवा पिळत होती, आणि तिच्या बोटांमधून पाणी निथळत होते. ते चटईवर पडत होते. पडल्याचा आवाज येत होता. मग तिने मुठी सोडल्या आणि बोटे वेगळी केली, तीन पेड करावे तशी.

"नानीबाई," मी दारातूनच म्हटले. माझा आवाज वर्गात शिकवतानाचा होता; दुसरा सापडला नाही. "तोंड पाहिलंत का?"

"न्हाई अजून." तिने हात थांबवले नाहीत. "पाठमोरी हाय. वेणी घालताना लेकरू पाठमोरंच बसतं, बाई."

प्रेमदास माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता. पाठमोरी बसलेली असेल तर नानीबाईकडे पाठ आणि तोंड दाराकडे. आमच्याकडे. मी खाली चटईच्या ओल्या कडेकडे पाहिले आणि डोळे वर केले नाहीत.

"वल्या केसांनीच गेली व्हती त्या दिशी," नानीबाई सांगत होती. स्वर घरगुती होता, कामातला. "म्हणलं, थांब, वेणी घालते. तर म्हणली, मोटार बुडंल, आल्यावर घाल. येवढे गुंते झालेत. कोणी इंचरलंच न्हाई."

"आधी तोंड पाहायचं असतं," मी म्हटले. "तुम्हीच विचारलं होतंत. आधी तोंड, मग आत."

"व्हय. झालीच आता. झाली की म्हणते, वळ."

प्रेमदास आत गेला. त्याने वळसा घेतला, हे मी त्याच्या पावलांवरून सांगते. चटईच्या मधोमध जागा सोडून, तंबूच्या कापडाला घासत तो नानीबाईच्या मागे पोचला आणि गुडघ्यांवर बसला. तिने शेवटची गाठ बांधली. खालची टोके ओढून पाहिली, आया पाहतात तशी.

"वळ, पुजा," ती म्हणाली.

त्याच क्षणी प्रेमदासने मागून तिचे डोळे झाकले.

ती ओरडली नाही. तिने त्याची मनगटे धरली, नखे रुतवली, डोके इकडून तिकडे आपटले. तो हलला नाही. त्याचे स्वतःचे डोळे उघडे होते. सूर्य तेव्हा टेकला होता, उजेड त्याच्या तोंडावर पडला होता, आणि मी सगळा वेळ फक्त त्या तोंडाकडे पाहात होते, कारण दुसरीकडे पाहायची माझी तयारी नव्हती. त्याने काय पाहिले ते मला ठाऊक नाही. बापाच्या चेहऱ्यावर मुलीला पाहून जे उमटेल, ते तिथे उमटायला सुरुवात झाली होती. ते अर्ध्यावर थांबले. मग त्या चेहऱ्यावर काहीच राहिले नाही.

पुष्कळ वेळाने तो बोलला. लहान मुलाशी बोलावे तसे, हळू.

"बाहेर बस, बाळा. उजाडल्यावर येतो मी."

दारातून काही गेले असेल तर ते माझ्या अगदी जवळून गेले असणार. मला ओल्या गाळाचा वास आला. पण काठावर तो नेहमीच असतो. ऊन गेले होते. मी मागे वळून पाहिले तेव्हा पाण्याकाठचा दिवा लागला होता, आणि आता अंधार पडू लागला होता, म्हणून त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

८

तळ चालू आहे. रविवारी व्यापाऱ्याचे कुटुंब आले, हुरडा खाऊन खूश होऊन गेले. तंबूंत बटणाचे कंदील आहेत आणि त्यांची सगळे तारीफ करतात. सोलरची खुंटी एकच आहे, काठावर. तिच्यापाशी पाण्याचा तांब्या आणि भाकर प्रेमदास स्वतः नेऊन ठेवतो. पाहुण्यांना तो त्याची गोष्ट सांगत नाही. कोणी विचारलेच तर, खोल पाण्याची खूण आहे म्हणतो.

उजाडल्यावर तो जातो का, हे मी त्याला विचारलेले नाही.

मी मधूनमधून जाऊन येते. नानीबाई माझ्याशी नीट वागते, पानावर वाढते, प्रकृती विचारते. नवऱ्याशी मात्र ती एकाच गोष्टीविषयी बोलते. मागच्या खेपेला मी समोर बसले असतानाच तिने त्याला भाकर वाढली आणि विचारले, "कशी दिसत व्हती?"

बहुधा ती रोजच विचारत असावी, कारण त्याने मान वर केली नाही.

"तशीच," तो म्हणाला. "आपल्या पुजासारखी."

"दुबळी झाली व्हती?"

"न्हाई. तशीच."

"हसली?"

"व्हय. हसली."

तव्यावरची भाकर फुगली आणि बसली.

"मंग काहून बाहेर घातली?" तिने विचारले.

याला एक उत्तर आहे, वळलेल्या त्या तोंडाविषयीचे. ते दिले तर ती त्याला क्षमा करील. ते तो तिला कधीही देणार नाही, हे मी त्या संध्याकाळी दारातून पाहिलेल्या चेहऱ्यावरून सांगू शकते. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, कोरड्यासात बुडवला आणि तो हातात तसाच धरून बसून राहिला, ती पुन्हा विचारील म्हणून.